धुवायचंच तर आहे, त्याला ऑपरेशन कशाला?



मागच्या आषाढातली गोष्ट. आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीत नोंदी झाल्या, मग कर्जमागणीचा विषय निघाला. गटातल्या एका काकूंची सून उठली आणि म्हणाली, सासूबाईंसाठी २५ हजार पाहिजेत. कारण विचारलं तर म्हणाली, "पाय धुवायचाय."

बायका हसल्या. खोटं कशाला सांगायचं, आम्हीही हसलो. पाय धुवायला २५ हजार? पण सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसू जागच्या जागी थांबलं.

काकूंना माघ महिन्यात मोटारसायकलनं उडवलं होतं. नडगीचं हाड मांस फाडून बाहेर आलं होतं. प्लेट आणि स्क्रू बसवले, टाके निघाले, काकू काठी धरून अंगणात यायला लागल्या. सहाव्या आठवड्यात टाक्यांच्या कडेनं थोडं पाणी यायला लागलं. काकूंनी त्यावर हळद दाबली आणि लुगडं खाली ओढलं. पाण्याचा पू झाला, पुवाला वास यायला लागला, तरी त्या कुणाला बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा शेजारणी म्हणाल्या, लोखंड अंगाला सोसलं नाही. मग गावातच गोळ्या आणि वरवरची पट्टी, असे अडीच महिने गेले. शेवटी शहरातल्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतून उघडून धुवावं लागेल आणि कदाचित दोनदा धुवावं लागेल.

कर्ज आम्ही मंजूर केलं, पण एका बाईचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. ती म्हणाली होती, "धुवायचंच तर आहे, त्याला ऑपरेशन कशाला?" आमच्यातल्या एकीची मुलगी नर्सिंगला आहे. तिनं पुस्तकं आणून दिली, न कळलेलं समजावून सांगितलं. आमचा बी.ए.ला इतिहास होता, त्यामुळे आम्ही साल आणि गाव धरून मागं मागं जात राहिलो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवात बाळंतिणींपासून करायला पाहिजे. १८४७ साल, ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना शहर. तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुईणी शिकायच्या. विद्यार्थ्यांच्या विभागात बाया तापानं जास्त मरायच्या आणि हे साऱ्या शहराला ठाऊक होतं. आम्हाला तिकडं घालू नका म्हणून बाया हातापाया पडायच्या. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरला कारण सापडलं. विद्यार्थी प्रेतं चिरून शिकायचे आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपासायचे. त्यानं त्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाया दगावत होत्या, जूनपर्यंत तो आकडा दोनच्या आसपास आला. तरी त्याच्या वरिष्ठांना ते पटलं नाही. डॉक्टरांचे हात अस्वच्छ असू शकतात, हे ऐकून घ्यायची तयारी नव्हती. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला, आणि तोही जखम चिघळूनच. तो क्लोरीन लक्षात ठेवा, तो पुढं परत येणार आहे.

त्याच १८६५ सालच्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ११ वर्षांच्या एका पोराच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. हाड मोडून कातडीबाहेर. म्हणजे आमच्या काकूंचीच केस. त्या काळी अशा पायाला एकच उपाय होता, पाय कापणं. कारण हाड उघडं पडलं की पू होणार आणि पुवानं माणूस जाणार, हे धरूनच चाललेलं. जोसेफ लिस्टर या सर्जननं पाय कापला नाही. सांडपाण्याची घाण मारायला कार्बोलिक अ‍ॅसिड वापरतात, हे त्याला माहीत होतं. त्यानं त्यात फडकं भिजवून जखमेवर ठेवलं आणि वरून पत्रा गुंडाळला. सहा आठवड्यांनी हाड जुळलं, पोरगा पायावर उभा राहिला. पुढं दोन वर्षांनी लिस्टरनं ते छापून जगाला सांगितलं.

लिस्टरनं जंतू मारले, पण कार्बोलिक कातडीलाही भाजायचं. आणि इथून एक सवय लागली. जो तो अशा द्रवाच्या शोधात निघाला, जो ओतला की सगळे जंतू मरावेत आणि माणसाला काही होऊ नये. पुढची कितीतरी वर्षं ही वेड्यासारखी धावाधाव चालली.

मग १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. फ्रान्स-बेल्जियमची आघाडी शेतजमिनीतून गेलेली. पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेली काळी माती, त्यात खंदक, त्यात पाऊस. तोफगोळ्याचा तुकडा अंगात घुसताना माती आणि कपड्याची चिंधी सोबत घेऊनच आत जायचा. शेणखतातले जंतू हवेशिवाय वाढतात. मांसात खोल गेले की ते मांस फुगतं, सडतं, दाबलं की आत हवा कुरकुरते. त्याला गॅस गँगरीन म्हणतात. लिस्टरचे उपाय तिथं तोकडे पडले. वरून फडकं ठेवून खालची माती कशी निघणार?

अलेक्सी कॅरेल हा फ्रेंच सर्जन. रक्तवाहिन्या शिवायची कला त्यानं शोधली आणि १९१२ साली नोबेल मिळवलं. १९१५ साली त्याला फ्रान्समध्ये काँपिएन्य गावी एका हॉटेलचं इस्पितळ करून दिलं. अमेरिकेतल्या रॉकफेलरच्या संस्थेनं त्याला मदत केली आणि हेन्री डेकिन नावाचा इंग्रज रसायनतज्ज्ञ त्याला येऊन मिळाला. डेकिननं दोनशेच्या वर औषधं तपासली आणि शेवटी सेमेलवाइसच्या क्लोरीनच्याच घरात येऊन थांबला. कपडे पांढरे करायचं जे द्रावण असतं, ते त्यानं अगदी पातळ केलं, लिटरभरात जेमतेम पाच ग्रॅम, आणि त्याचा दाहक क्षार मारला. या पाण्यानं जंतू आणि मेलेलं मांस विरघळायचं, जिवंत मांसाला फारसा धक्का नाही. (फरशी पुसायचं ब्लीच घरी पातळ करून जखमेवर घालायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो इथंच सोडा. डेकिनचं पाणी रोज ताजं करायचं, मोजून तपासायचं, थोडं तेज झालं तरी भाजायचं.)

खरी करामत मात्र पाण्यात नव्हती, ते घालायच्या रीतीत होती. सर्जन आधी जखम मोठी उघडायचे, चिंध्या आणि सडलेलं मांस काढायचे. मग जखमेच्या कोपऱ्याकोपऱ्यात रबराच्या बारीक नळ्या सोडायचे, नळ्यांना बाजूनं भोकं. वर टांगलेल्या बाटलीचा चिमटा दर दोन तासांनी उघडायचा, नळ्यांतून ठरलेलं पाणी आत जायचं. भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीनची जाळी. जखमेतला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजायचे आणि पलंगाशी तक्ता लावायचा. आकडा खाली आला की मगच जखम शिवायची.

दर दोन तासांनी म्हणजे दिवसाही आणि रात्रीही. आता विचार करा, तो चिमटा कोण उघडत होतं? पुस्तकांवर नाव कॅरेल आणि डेकिन या दोघांचं आहे. रात्री दोनला, चारला, सहाला वॉर्डातून कंदील घेऊन फिरणाऱ्या नर्सेसचं नाव त्या पद्धतीला नाही. कॅरेलची बायको आन-मारी स्वतः नर्स होती आणि तिथंच राबत होती. तेव्हाचे टीकाकार म्हणायचे, या पद्धतीचं पाणी काही खास नाही, जखमेची एवढी निगा राखली तर साध्या पाण्यानंही गुण येईल. त्यांना ती टीका वाटत होती. आम्हाला ती नर्सेसची तारीफ वाटते.

कॅरेलबद्दल एक सांगूनच पुढं जाऊ, कारण मोठ्या माणसाचं सगळंच मोठं नसतं. समाजाला नको असलेल्या माणसांना संपवून टाकावं, असल्या मताचं पुस्तक त्यानं १९३५ साली लिहिलं. नळ्यांचं श्रेय त्याला देऊ, बाकीचं नको.

बेल्जियममध्ये समुद्रकाठी दे पान्ने इथं असंच एक हॉटेल इस्पितळ झालं होतं. तिथले प्रमुख आंत्वान देपाज. त्यांची बायको मारी देपाज नर्स होती. इस्पितळासाठी पैसे जमवायला ती अमेरिकेत गेली, गावोगाव भाषणं करून देणग्या गोळा केल्या आणि परत निघाली ती लुसिटानिया जहाजानं. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीनं ते जहाज बुडवलं. मारी गेली. बचत गटात दारोदार फिरून पैसा उभा करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही बाई फार जवळची वाटली. पुढं देपाजनी दाखवून दिलं की धुण्याआधी मेलेलं मांस कापून काढणं हेच मोठं काम आहे. मेलेल्या मांसात रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही आणि जंतूंना आयतं घर मिळतं. पॉल फ्रीडरिश या जर्मन सर्जननं १८९८ साली गिनीपिगांच्या जखमेत माती भरून हे आधी सांगितलं होतं. जखमेची कड सहा तासांच्या आत कापून काढली तर जनावर वाचतं, उशीर केला तर नाही. त्या कापण्याला फ्रेंच शब्द आहे डेब्रिडमां, मूळ अर्थ लगाम काढून मोकळं करणं. आजही डॉक्टरांच्या कागदावर 'डिब्राइडमेंट' लिहिलेलं असतं ते हेच. काकूंच्या कागदावरही होतं. सुनेला कुणी त्याचा अर्थ सांगितला नव्हता, 'धुवायचं' एवढंच सांगितलं होतं.

याच वेळी दुसऱ्या बाजूनं अ‍ॅल्मरॉथ राइट हा इंग्रज डॉक्टर भांडत होता. बायकांना मताचा हक्क देऊ नये म्हणून १९१३ साली यानं अख्खं पुस्तक लिहिलं होतं, त्यामुळे त्याची बाजू घ्यायला आमचं मन होईना. पण जखमेच्या बाबतीत त्याचं बरंच खरं ठरलं. तो म्हणायचा, जंतुनाशक औषध जंतूंच्या आधी आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींना मारतं. त्यापेक्षा मिठाच्या पाण्यानं धुवा. त्याच्या हाताखाली अलेक्झांडर फ्लेमिंग होता, पुढं पेनिसिलीन शोधलं तोच. फ्लेमिंगनं काचेची नळी तापवून तिला काट्यांसारखी पोकळ टोकं काढली, म्हणजे काचेची वेडीवाकडी जखमच तयार केली. तीत जंतूंचं पाणी भरलं, ओतलं, मग औषध भरून ठेवलं, तेही ओतलं आणि जंतूंना वाढायला पोषक पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर जंतू हजर. टोकांच्या सांदीत औषध पोचलंच नव्हतं. खरी जखम तर काचेपेक्षा शंभरपट वाकडी.

आता ही सगळी हॉटेलं, नळ्या, तक्ते घडीभर बाजूला ठेवा आणि त्याच १९१५ सालात इराकमध्ये चला. तिथं आपली माणसं होती. सहावी पुणे डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठानं बगदादकडं निघाली होती. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा पलटण होती. सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीत दगडी पाटी दिसते, या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यातले इतके कामी आले. त्यातले कित्येक या पलटणींचे. नोव्हेंबरात टेसिफॉनला लढाई झाली, चार हजारांवर माणसं मेली नाहीतर जखमी झाली. जखमींना विनास्प्रिंगच्या खटाऱ्यांतून नदीवर आणलं आणि बोटींवर दाटीवाटीनं टाकून बसऱ्याला धाडलं. बोटी कित्येक दिवसांनी पोचल्या. मेजर कार्टर हे तिथले डॉक्टर बोट येताना बघत होते. बोटीच्या कडेनं दोरखंड लोंबताहेत असं त्यांना वाटलं. जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. वर मोडक्या हाडांची माणसं, हाडांना दारूच्या खोक्यांच्या फळ्या बांधलेल्या, पट्ट्या कित्येक दिवस न बदललेल्या. कार्टर बोलले तर वरिष्ठांनी त्यांनाच दम दिला. पण चौकशी झालीच, १९१७ साली अहवाल निघाला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

म्हणजे काँपिएन्यला एकाच्या मांडीत दर दोन तासांनी पाणी जात होतं, आणि नदीच्या मधोमध बोटीवर पडलेल्याच्या जखमेला कुणी पाण्याचा हात लावत नव्हतं. धुण्याची विद्या जगात होती, ती कुणापर्यंत पोचवायची हे ठरवणारे वेगळे होते. त्या दगडी पाट्यांवरचे 'कामी आले' सगळेच गोळीनं गेले नसतील, हे आम्हाला त्या अहवालाबद्दल वाचल्यावर पहिल्यांदा सुचलं.

पुढं स्पेनच्या यादवीत १९३६ ते ३९ या काळात बार्सिलोनाच्या जोसेप त्रुएता या सर्जननं रीत सोपी केली. साबण, पाणी आणि ब्रश घेऊन जखम घासायची, मेलेलं कापायचं, उघडी ठेवून आत कापड भरायचं आणि वरून सरळ प्लॅस्टर. रोज उकलायचं नाही. वास यायचा, आतून झिरपायचं, तरी उकलायचं नाही. असे १०७३ जखमी त्यानं बरे केले आणि त्यातले फक्त सहा दगावले. पेनिसिलीन अजून बाजारात यायचं होतं.

पेनिसिलीन आल्यावर मात्र सगळ्यांना वाटलं, आता कशाला धुवायचं? गोळी आहे, सुई आहे. ही समजूत आपल्या गावांत अजून आहे. काकूंचे अडीच महिने याच समजुतीत गेले.

आणि याच काळात अंगात धातू घालायचं प्रमाण वाढलं. प्लेट, स्क्रू, रॉड, मग खुब्याचे आणि गुडघ्याचे सांधे. तिथं नवंच कोडं उभं राहिलं. एलेक आणि कॉनेन या दोघांनी १९५७ साली ब्रिटनमध्ये एक प्रयोग केला. तयार झालेल्या स्वयंसेवकांच्या कातडीत त्यांनी जंतू टोचले. पू व्हायला लाखो जंतू लागायचे. मग तिथंच रेशमाचा एक टाका घातला, तर दहा हजार पटींनी कमी जंतूंतसुद्धा पू झाला. साधा रेशमाचा टाका! मग हातभर प्लेटचं काय?

लोखंड सोसत नाही म्हणतात ते असं अर्धवट खरं आहे. पोलाद बिचारं गप्प बसलेलं असतं. पण त्याला रक्त नाही, त्यामुळे शरीराचे पहारेकरी त्याच्या अंगावर फिरकत नाहीत. १९८७ साली अँथनी ग्रिस्टिना या अमेरिकन सर्जननं याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं. आम्ही त्याला एस.टी.तल्या रुमालाची शर्यत म्हणतो. प्लेट बसवली की तिच्या अंगावर आपल्या पेशी आधी बसतात की जंतू आधी रुमाल टाकतात, यावर पुढचं सगळं. जंतू आधी बसले की ते स्वतःभोवती चिकट थर करतात. आपल्या घरातल्या रांजणात आतून हात फिरवून बघा, बुळबुळीत लागतं ना? तसाच. रांजणात नुसतं पाणी हिसळून तो थर जातो का? काथ्या लागतो. या थराच्या आत औषध नीट पोचत नाही, जंतू निवांत झोपतात. गोळ्या चालू असेस्तोवर पू थांबतो, गोळ्या संपल्या की परत. काकूंचं हुबेहूब असंच चाललं होतं. आणि थर जितका जुना तितका निब्बर. पहिल्या काही आठवड्यांत उघडून खरडून धुतलं तर पुष्कळदा धातू आतच ठेवता येतो. महिने गेले की बहुतेक काढावा लागतो.

इंग्लंडमधल्या राइटिंग्टनच्या जॉन चार्नली यांनी १९६२पासून खुब्याचे कृत्रिम सांधे बसवले. सुरुवातीला शंभरात सातेक जणांना पू व्हायचा. त्यांनी ऑपरेशनच्या खोलीत खोली केली, गाळलेली हवा सोडली. डॉक्टरांच्या अंगातल्या झग्याच्या विणीतून जंतू बाहेर येतात हे ओळखून कापड बदललं. (शिलाईकाम करणाऱ्या आमच्या मैत्रिणींना हे फार आवडलं.) मग आकडा शंभरात एकाच्याही खाली गेला. पण ज्याला पू झाला त्याला उघडून धुण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आणि धुण्याचं यंत्र निघालं. साठच्या दशकात व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या लष्करी डॉक्टरांनी दात धुण्याच्या फवाऱ्यासारखं धडधडत पाणी मारणारं यंत्र जखमेवर वापरलं. पुढं ते मोठ्या इस्पितळांत सगळीकडं गेलं. दिसायला जोरदार, महागही. पण प्रयोगशाळेतून शंका यायला लागल्या, की जोरानं पाणी मारलं तर जंतू बाहेर निघण्याऐवजी हाडात आणखी खोल जातात.

याचा निकाल लावायला कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मोहित भंडारी आणि त्यांच्या सोबत्यांनी मोठा अभ्यास केला. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे आणि आपला भारत, अशा पाच देशांतली ४१ ठिकाणं. उघड्या जखमेचं हाड मोडलेले २४४७ रुग्ण. काहींना जोराचा फवारा, काहींना हलका, आणि काहींना नुसती बाटली उंच टांगून आपोआप पडणारी धार. अर्ध्यांच्या पाण्यात साबण, अर्ध्यांना नुसतं सलाईन. २०१५ साली निकाल आला. परत ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण तिन्ही धारांत शंभराला तेराच्या आसपास, फरक नाही. टांगलेली बाटली यंत्राच्या तोडीस तोड. साबणाच्या गटात १४.८ टक्के, नुसत्या मिठाच्या पाण्यात ११.६ टक्के. म्हणजे साबणानं उलट नुकसानच.

हा आकडा आम्ही बैठकीत वाचून दाखवला तेव्हा एक आजी म्हणाली, "म्हंजे शेवटी मीठपाणीच की!" हो आजी. पण पू धरलेल्या जुन्या प्लेटची गोष्ट या अभ्यासात नव्हती, ताज्या मोडलेल्या हाडांची होती. जुन्या प्लेटवर डॉक्टर आजही सलाईनच्या जोडीला काही मिनिटं पातळ आयोडीन ठेवतात, कुणी डेकिनचं शंभर वर्षांचं पाणीही. यांतलं अमुकच सरस, असं ठरलेलं नाही. ठरलेलं आहे ते आधीचं: तपासणीसाठी आतल्या मांसाचे तुकडे घेणं, मेलेलं सगळं काढणं, थर खरवडणं, बदलता येतील ते भाग बदलणं आणि मग लिटरांवर लिटर पाणी.

काकूंचं ऑपरेशन श्रावणात झालं. सुनेनं नर्सला विचारलं, किती पाणी लागलं? नर्सनं रिकाम्या बाटल्या दाखवल्या. नऊ लिटर. सून म्हणाली, "आमच्या दोघींच्या आंघोळीला एवढं लागत नाही." प्लेट सैल झाली होती, ती काढावी लागली आणि बाहेरून सळया लावल्या. डॉक्टर रागावले नाहीत, पण म्हणाले, पाणी यायला लागलं त्याच आठवड्यात आला असतात तर प्लेट वाचवायचा प्रयत्न करता आला असता. काकू गप्प बसल्या. रात्री सुनेला म्हणाल्या, "वास येतोय हे सांगायची लाज वाटली गं."

चार दिवसांनी परत धुतलं. मग सहा आठवडे औषध. दिवाळीत सळ्या निघाल्या. पाय थोडा आखूड झालाय, चपलेला खालून जाड टाच लावून घेतली आहे. मागच्या बैठकीला काकू स्वतः चालत आल्या, वहीवर सही केली. कर्जाचे सात हप्ते राहिलेत. वहीत कारणाच्या रकान्यात आम्ही तेव्हा घाईत 'पाय धुणे' असंच लिहिलं होतं. लेखापरीक्षणाला आलेल्या बाईंनी त्यावर लाल प्रश्नचिन्ह काढलं होतं. काकूंनी ते पाहिलं आणि शेजारी बसून त्या बाईंना सगळं सविस्तर सांगितलं. वासासकट.